तालुक्याच्या शौर्यपदक यादीत नेमकी कुणाची नावं घ्यायची?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी तुळजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत इतिहास शिकवते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून शाळेच्या नव्या सभागृहात काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायचं ठरवलंय. वर मथळा, ‘युद्धकाळात शौर्यपदक मिळवणारे आपल्या तालुक्याचे जवान’, आणि खाली नावं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की उद्घाटन. यादी करायचं काम कमिटीनं माझ्यावर सोपवलं आणि मी ते आनंदानं घेतलं. आमच्या पोरांना पानिपतची तारीख पाठ असते, पण आपल्याच शिवारातला माणूस कुठल्या डोंगरावर लढला हे ठाऊक नसतं.

गावोगावच्या ग्रुपवर निरोप टाकला आणि माणसं यायला लागली. कुणी भिंतीवरची फ्रेम उतरवून आणली, कुणी ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधलेलं सोडवून दाखवलं. टेबलावर सगळं मांडलं तेव्हा ऊर भरून आला. नावं लिहायला घेतली आणि तिथंच अडकले.

एक आजोबा १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. पूर्वी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, शिवाय १९६५ चं रक्षा मेडल. नातू म्हणाला, “बाई, आमची पाच पदकं हायत, पहिलं नाव आमचंच लागंल.” दुसरे एक कारगिलला जखमी झालेले. डावा हात आजही वर जात नाही. त्यांच्याकडं ‘पराक्रम पदक’ आहे आणि कमिटीतले सगळे म्हणतात, नावातच पराक्रम आहे, आणखी काय बघायचं?

तिसऱ्या एका जवानाला काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत सेना मेडल मिळालंय. इथं मात्र कमिटीतल्याच एकांनी हरकत घेतली. पाटीवर ‘युद्धकाळात’ लिहिलंय, चकमक म्हणजे युद्ध नव्हे. एका निवृत्त अधिकाऱ्यांना विशिष्ट सेवा पदक आहे आणि वर्गणीत मोठा वाटा त्यांचाच आहे. एक वीरपत्नी आमच्याच तालुक्याच्या, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या. नवऱ्याला मरणोत्तर सेना मेडल, पण त्यांचं गाव अक्कलकोटकडचं. मग नाव आमचं की त्यांचं?

आणि एक म्हातारी आई आली होती. मुलगा शहीद झाला, पदक काही नाही. मी पेन घेऊन बसलेली, तर तिनं एवढंच विचारलं, “माझ्या लेकराचं नाव येतंय का बाई?” मला उत्तर देता आलं नाही.

आता शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त छळतंय. नळदुर्ग आमच्या तालुक्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला, निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शनच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून आलेल्या सैन्याची पहिली लढाई इथंच झाली. बोरी नदीवरचा पूल हाती आला आणि शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग इथंच पडले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. माणूस पंजाबचा, रक्त सांडलं ते आमच्या मातीत, आणि पदक असं की जे शांतताकाळातलं मानतात. १७ सप्टेंबरला पाटी उघडायची आणि तिच्यावर हेच नाव नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

ज्यांनी अशा याद्या केल्यात किंवा जे फौजेत होते त्यांनी सांगा. मला पोरांसमोर चुकीची ओळ कोरायची नाही.

जुना_हवालदार

ताई, रामराम. मी तोफखान्यातला. क्लार्क म्हणून भरती झालो, शेवटची वर्षं नाशिक रोडला रेकॉर्ड ऑफिसात गेली. आता अंबाजोगाईजवळ शेती बघतो. पदकांचे कागद आयुष्यभर हाताखालून गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

टेबलावर काहीही आलं तरी एकच प्रश्न विचारायचा. हे या माणसानं केलेल्या एका ठरावीक कृत्यासाठी दिलंय, की तो त्या काळात, त्या जागी, नोकरीत होता म्हणून दिलंय? कृत्यासाठी दिलेलं असेल तर त्याचं सायटेशन असतं. कुठल्या दिवशी, कुठल्या ठिकाणी, काय केलं ते लिहिलेलं असतं, आणि नाव भारताच्या राजपत्रात छापलेलं असतं. हे दोन कागद म्हणजे यादीचा पाया.

आजोबांची पाचही पदकं मानाची, पण त्यातलं एकही शौर्यपदक नाही. पूर्वी स्टार पूर्वेच्या आघाडीवर होते म्हणून, पश्चिमी स्टार पश्चिमेच्या, आणि संग्राम मेडल त्या युद्धाच्या काळातल्या सेवेसाठी. १९७१ ला मी नाशिक रोडला नवा रंगरूट होतो, सीमा डोळ्यांनी पाहिली नव्हती, तरी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल माझ्याकडं आहे. नातवाला हे नीट समजावून सांगा आणि आजोबांसमोर सांगू नका. खुद्द आजोबांना ते पक्कं माहीत असणार.

पण थांबा. त्यांच्या फिती पुन्हा एकदा बारकाईनं बघा. फितीवर कमळाच्या पानाचं बारीक धातूचं चिन्ह लावलेलं असेल तर ते ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे लढाईच्या अहवालात नावानिशी घेतलेली दखल. त्याला वेगळं पदक नसतं, युद्धपदकाच्या फितीवर ते पान लावायचं असतं. तो शौर्याचाच सन्मान आहे, राजपत्रात नाव येतं, आणि घरच्यांना याचा पत्ता नसतो. फीत कुजते, पान गळून पडतं, नवी फीत आणताना ते लावायचं राहून जातं. तुमच्या यादीत कुणावर नकळत अन्याय होणार असेल तर तो इथं होईल.

पराक्रम पदक हे शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला देतात. इंग्रजीत त्याला वूंड मेडलच म्हणतात. जखम खरी, वेदना खरी, पण ते शौर्यपदकांच्या क्रमात येत नाही. विशिष्ट सेवा, अति विशिष्ट सेवा, परम विशिष्ट सेवा ही सगळी सेवेची पदकं. १९८० साली निघालेली युद्ध सेवा मालिका, म्हणजे सर्वोत्तम, उत्तम आणि साधं युद्ध सेवा पदक, तीसुद्धा युद्धातल्या उत्तम सेवेची आहे, शौर्याची नाही. तुमच्या अधिकारी साहेबांना हा फरक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना सरळ जाऊन विचारा, ‘साहेब, तुमचं नाव या यादीत बसतं का?’ फौजेतला माणूस खोटं उत्तर देणार नाही.

सेना मेडलला जपा. १९६० पासून ते दोन कारणांसाठी दिलं जातं, शौर्यासाठी आणि कर्तव्यनिष्ठेसाठी. पदक तेच, फीत तीच, नावापुढची अक्षरंही तीच. फरक फक्त राजपत्रात आणि सायटेशनमध्ये. नुसतं मेडल बघून नाव लिहाल तर फसाल.

आता ‘युद्धकाळात’ या शब्दाबद्दल. तुमच्या कमिटीतल्या गृहस्थांना एवढंच विचारा. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया १९६१ मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत असताना पडले, तेव्हा भारताचं कुणाशी युद्ध चालू होतं? नायब सुभेदार बाना सिंग १९८७ ला सियाचिनवर चढले तेव्हा? महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच वर्षी श्रीलंकेत पडले तेव्हा? तिघांनाही परमवीर चक्र आहे. आपल्या देशात परमवीर २१, त्यातले हे तीन तुमच्या पाटीवर चालणार नाहीत, हे बरं दिसेल का? परमवीर, महावीर आणि वीर चक्राची अट ‘शत्रूच्या समोर’ अशी आहे, युद्ध जाहीर झालेलं असावं अशी नाही. आणि काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना दिलेल्या कीर्ती चक्र, शौर्य चक्र, सेना मेडलच्या मागची गोळी तीच असते. माझं स्पष्ट मत आहे, मथळा बदला. ‘युद्धात व सैनिकी कारवाईत’ असं लिहा. मग तो जवान आत येतो आणि कुणाला हरकत घेता येत नाही.

बचित्तर सिंगांचं कोडंही इथंच सुटतं. पोलिस ॲक्शन ही सरकारच्या लेखी परकी लढाई नव्हती, म्हणून वीर चक्राच्या मालिकेतलं पदक देता येईना. अशोक चक्राची मालिका १९५२ मध्ये निघाली, तेव्हा तिला वर्ग एक, दोन, तीन म्हणत. कीर्ती आणि शौर्य ही नावं १९६७ ला आली. दोन्ही मालिका १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरल्या, त्यामुळं १९४८ च्या कामगिरीला अशोक चक्र वर्ग एक मिळू शकलं. मांडीत गोळ्या लागलेल्या असताना सरपटत जाऊन ग्रेनेड टाकणाऱ्या माणसाला शांतताकाळातला म्हणायचं असेल तर म्हणा. नळदुर्गच्या पाटीवर मी तरी म्हणणार नाही.

शहिदाच्या आईबद्दल शेवटी लिहितो कारण ते सगळ्यात अवघड आहे. पदक मिळायला कुणीतरी ते बघावं लागतं, बघणारा जगावा लागतो, आणि त्यानं ते लिहून वर पाठवावं लागतं. ज्या चौकीवरचे सगळेच गेले तिथलं सायटेशन कोण लिहिणार? म्हणून पदक नाही याचा अर्थ शौर्य नव्हतं असा कुणी काढू नये. पण तरीही नाव या यादीत घालू नका, शेजारी दुसरी यादी करा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात हेच केलंय. त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या प्रत्येक जवानाचं नाव, हुद्द्याचा भेद नाही, पदकाची अट नाही. आणि परमवीरांसाठी वेगळी जागा. एकाच आवारात दोन्ही.

बालाघाट

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढी चिरफाड कामून करायची? गावातला माणूस फौजेत गेला, वीस वर्षं बर्फात राहिला, त्याचं नाव पाटीवर आलं तर बिघडलं काय? पाटी मोठी करा, सगळ्यांची नावं टाका. आमच्याकडं एका गावात अशाच यादीपायी दोन भावक्या आजपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. वर्गणी दिली सगळ्यांनी, आणि नाव येणार चौघांचं.

जुना_हवालदार

दादा, तुमची भावना बरोबर आहे, पण असं बघा. ज्यानं गोळीबारात जाऊन जखमी जोडीदाराला ओढून आणलं आणि त्यासाठी ज्याला वीर चक्र मिळालं, तो शंभर नावांत बुडाला तर पोरांना कळणार कसं, की त्यानं काही वेगळं केलं होतं? सगळ्या माजी सैनिकांची पाटी करायची असेल तर जरूर करा, मी स्वतः वर्गणी देईन. पण तिच्यावर ‘शौर्यपदक’ लिहायचं नाही. भावक्यांचं भांडण यादी बारीक केल्यानं होत नाही. नियम आधी सांगितला नाही आणि नावं बघून मग नियम केला की होतं. ताई, तुम्ही नियम आधी कागदावर लिहा, कमिटीच्या सह्या घ्या आणि ग्रुपवर टाका. नावं त्याच्यानंतर.

मांजरा_पट्टा

मॅडम, आमी लातूर जिल्ह्यात असली यादी केलीय, म्हणून दोन गोष्टी सांगतो. काकांनी पदकाचं सांगितलं, मी माणूस हुडकायचं सांगतो.

कागदावरचा जिल्हा बघून नाव सोडू नका आणि धरूही नका. लातूर जिल्हा झाला १९८२ ला. त्याच्या आधीच्या प्रत्येक जवानाच्या कागदावर ‘उस्मानाबाद’ लिहिलेलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. जुन्या कागदावर बीदर बघून आमच्यातल्या एकानं ‘हे कर्नाटकचे’ म्हणून बाजूला काढून ठेवले होते. जालना १९८१ चा, त्याच्या आधी औरंगाबाद. हिंगोली १९९९ चा, त्याच्या आधी परभणी. काकांची अंबाजोगाई निजामाच्या कागदात मोमिनाबाद. आता तर उस्मानाबादचं धाराशिव झालंय, म्हणजे पुढं यादी करणाराला आणखी एक नाव. तुमचा तालुका पहिल्यापासून उस्मानाबादेतच, पण ‘उस्मानाबाद’ लिहिलेले सगळे तुमचे नाहीत, अर्धे आमचेही असतील. तालुका आणि गाव बघितल्याशिवाय लिहू नका. आणि गावाचं नावही पुरत नाही. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव मराठवाड्यात किती आहेत ते तुमाला माहीतच आहे.

दुसरं, नाव. राजपत्रात इंग्रजी स्पेलिंग, ते कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आमच्या एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं. चुलता आणि पुतण्या. दोघंही मराठा लाइट इन्फन्ट्रीत. सेना मेडल एकाचं, आणि दोन्ही घरं म्हणायची आमचं. भांडण मिटलं ते मेडलच्या कडेवरून. आपल्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, युनिट ठोकलेलं असतं. भिंग घेऊन नंबर वाचला, डिस्चार्ज बुकातल्या नंबराशी ताडून बघितला, विषय संपला. आर्मी नंबर दोघांचा कधीच एक नसतो. तुमी यादीच्या वहीत पहिला रकाना नंबराचाच करा. पाटीवर नाही टाकला तरी चालतंय, वहीत पाहिजे.

गाव कुठलं धरायचं यावर आमी भरतीच्या वेळचा घरचा पत्ता धरला. नोकरी संपल्यावर लई जण पुण्याला जातात, त्यांना गावानं सोडलं असं होत नाही. आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांचं नाव त्यांच्या गावात लागलेलंच असतं. दोन्हीकडं नाव लागलं तर पुढं मोजणाराला एकाचे दोन दिसतात.

तेरणा

ताई, तुमच्या प्रश्नात एक बाब सुटलीय, आणि मला वाटतं ती मुद्दाम कुणी बोलत नाही. माझे आजेसासरे निजामाच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेकडं गेले होते. आमच्या घरी त्यांची तीन पदकं आहेत. एक तारा आणि दोन गोल, गोलांवर इंग्लंडच्या राजाचं डोकं. १९४८ नंतर घरात ती कधी बाहेर काढली नाहीत. गावात ‘निजामाचा माणूस’ म्हणायचे, रझाकारांच्या आठवणी ताज्या होत्या, लोकांचा तरी काय दोष. सासूबाई सांगायच्या, त्यांनी म्हातारपणी ती पदकं गाडग्यात घालून ज्वारीच्या कणगीमागं ठेवली होती.

मला त्यांचं नाव पाटीवर पाहिजे म्हणून मी लिहीत नाही. मला हे विचारायचंय, की निजामाच्या किंवा इंग्रजांच्या फौजेत असताना कुणी शौर्य केलं असेल तर ते तुमच्या यादीत धरणार की नाही? की यादी १५ ऑगस्ट १९४७ पासूनच सुरू होते?

जुना_हवालदार

सूनबाई, फार बरं केलं विचारलं.

लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांना १९६५ च्या लढाईत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडर म्हणून. त्यांची फौजेतली सुरुवात कुठं झाली? निजामाच्या हैदराबाद स्टेट फोर्सेसमध्ये. संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय सैन्यात आले. म्हणजे निजामाच्या फौजेतून आलेला माणूस देशाचा परमवीर होऊ शकतो, तर तुमच्या आजेसासऱ्यांची पदकं कणगीमागं का राहावीत? पहिल्या महायुद्धात निजामाचं घोडदळ, हैदराबाद लान्सर्स, पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होतं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा, बाकीचे दोन जोधपूरचा आणि म्हैसूरचा.

इंग्रजांच्या काळातलं शौर्य धरलंच पाहिजे असं मी म्हणेन. नाईक यशवंत घाडगे १९४४ ला आणि शिपाई नामदेव जाधव १९४५ ला, दोघंही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही यादीतून ही दोन नावं कोण काढेल? त्याच काळातली मिलिटरी क्रॉस, मिलिटरी मेडल, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हीसुद्धा शौर्याची. मिलिटरी मेडलच्या मागच्या बाजूला ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’ असंच कोरलेलं असतं.

तुमच्या वर्णनावरून घरचा तारा आफ्रिका स्टार असावा आणि बाकीची दोन युद्धसेवेची. म्हणजे सगळी तिथं होते म्हणून मिळालेली, १९७१ च्या आजोबांसारखीच. त्यामुळं नाव या यादीत येत नाही. पण ते का येत नाही हे नीट समजून घ्या. ते निजामाचे होते म्हणून नाही. शौर्यपदक नाही, एवढंच कारण. गावात कुणी विचारलं तर मान वर करून हेच सांगा. आणि ती पदकं आता फ्रेम करून भिंतीवर लावा.

एक सावधगिरी. कडेवर ‘हैदराबाद रेजिमेंट’ लिहिलेलं असेल तर लगेच निजाम समजू नका. १९ वी हैदराबाद रेजिमेंट ही ब्रिटिश हिंदी सैन्याची होती आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले होते. निजामाची फौज वेगळी, ही वेगळी. हिंगोली, जालना, मोमिनाबाद, औरंगाबादच्या जुन्या छावण्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, आणि या रेजिमेंटचं मूळ त्या कंटिन्जंटमध्ये. म्हणून आपल्याकडं हा घोळ हमखास होतो.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं पहिलं उत्तर छापून मी कमिटीसमोर मोठ्यानं वाचलं. नियम कागदावर आला आणि सह्या झाल्या.

मथळा बदलला. ‘युद्धात व सैनिकी कारवाईत शौर्यपदक मिळवणारे तुळजापूर तालुक्याचे जवान’. स्वातंत्र्यापूर्वीची शौर्यपदकं धरायची. प्रत्येक नावापुढं पदक, कारवाई आणि वर्ष कोरायचं, म्हणजे पोरांना नुसतं नाव दिसणार नाही. सायटेशन किंवा राजपत्राचा कागद हाती आल्याशिवाय नाव कोरायचं नाही. काश्मीरच्या जवानाचं सायटेशन आलं, त्यात शौर्यासाठी असं स्पष्ट आहे, ते नाव पक्कं.

अधिकारी साहेबांकडं मी स्वतः गेले. त्यांनी माझा प्रश्न पुरता होऊ दिला नाही. म्हणाले, “माझं नाव तिथं घातलंत तर मी उद्घाटनाला येणार नाही.” वर शहिदांच्या पाटीचा सगळा खर्च त्यांनी उचलला. ती दुसरी पाटी होणार, त्याच दगडाची, त्याच मापाची, पहिलीच्या शेजारी. त्या आईच्या घरी जाऊन मी सांगून आले. तिनं मुलाचं पूर्ण नाव माझ्या वहीत दोनदा लिहून घेतलं, वडिलांच्या नावासकट, चूक होऊ नये म्हणून.

काका, पानाबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून मी सगळ्यांकडून फितींचे फोटो पुन्हा मागवले. आजोबांच्या फितीवर काही नाही. पण एक घर असं आहे की ज्यांनी ‘आमच्याकडं विशेष काही नाही’ म्हणून आधी पदकं आणलीच नव्हती. त्यांच्या १९६५ च्या समर सेवा स्टारच्या फितीवर पान आहे. फोटोत बोट ठेवून दाखवलं तर मुलगा म्हणाला, आम्हाला वाटायचं ती नुसती नक्षी. राजपत्रातलं नाव मिळेपर्यंत मी कुणाला काही बोलणार नाही, पण मला रात्री झोप लागली नाही.

दोन ठिकाणी मात्र मी तुमच्यापैकी काहींच्या विरोधात जाणार आहे. मांजरा पट्ट्याचे दादा, वीरपत्नींच्या नवऱ्याचं नाव मी घेणार आहे. नियमानं ते अक्कलकोटचे, हे मान्य. पण पदक या बाईंनी स्वतःच्या हातात घेतलं, दोन लेकरं आमच्या शाळेत शिकवली, आणि त्या पोरांच्या बापाचं नाव आमच्या भिंतीवर नसावं हे मला सहन होणार नाही. नावापुढं त्यांचं मूळ गाव आणि तालुका स्पष्ट कोरणार, म्हणजे मोजणाराला एकाचे दोन दिसणार नाहीत. कमिटीत यावर मतदान झालं आणि ठराव निसटत्या बहुमतानं मंजूर झाला.

आणि हवालदार बचित्तर सिंग. ते तालुक्याचे जवान या मथळ्याखाली बसत नाहीत, ओढूनताणून बसवायचे नाहीत. त्यांच्यासाठी पाटीच्या सगळ्यात वर वेगळी ओळ ठेवलीय : ‘या तालुक्याच्या भूमीवर, नळदुर्ग, १३ सप्टेंबर १९४८’. खाली नाव, पलटण, अशोक चक्र वर्ग एक, मरणोत्तर. मुक्तिसंग्रामात लढलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं या पाटीवर घ्यायची नाहीत, त्यांची यादी आमच्या ग्रामपंचायतीत आधीपासून लागलेली आहे.

तेरणाताई, तुमच्या आजेसासऱ्यांची पदकं उद्घाटनाच्या दिवशी शाळेत आणाल का? सगळ्यांचीच पदकं त्या दिवशी टेबलांवर मांडायची आहेत, कुठलं कशासाठी मिळतं ते चिठ्ठीवर लिहून. तुमच्या चिठ्ठीवर निजामाची फौज असंच लिहू, लपवायचं काही नाही.

काका, एक शेवटचं काम. त्या १९६५ च्या पानासाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवायचंय. ते गृहस्थ तोफखान्यातलेच होते, म्हणजे नाशिक रोड. पत्रात काय काय लिहावं लागतं?

जुना_हवालदार

आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, शेवटचं युनिट, भरती आणि सुटण्याचं वर्ष. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि पेन्शनच्या पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स जोडा. ते गृहस्थ हयात नसतील तर अर्ज मुलाच्या किंवा पत्नीच्या सहीनं करा, शाळेच्या नव्हे. शाळेचं पत्र सोबत लावा. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि त्यांच्यामार्फतही पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं असेल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं सागर, मध्य प्रदेशात. तोफखान्याचं नाशिक रोड, तुम्ही म्हणता तेच. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उत्तराला वेळ लागतो. १७ सप्टेंबरपर्यंत नाही आलं तर दगडावर त्या नावाची जागा मापून सोडा, नाव मागाहून कोरता येतं. आणि मला त्या फितीचा फोटो पाठवा, समर सेवा स्टारची फीत मी ओळखतो.